ॲडलेड ते कूबर पेडी: स्वतः गाडी चालवत जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कूबर पेडी हे ओपल या रत्नाच्या खाणींचं गाव दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, ॲडलेडपासून सुमारे ८४६ किलोमीटरवर आहे. स्टुअर्ट हायवे थेट गावापर्यंत डांबरी असल्यामुळे साधी सेडानही तिथे आरामात पोहोचते, त्यासाठी फोर-व्हील ड्राइव्ह लागत नाही. वाहनंही डावीकडूनच चालतात, त्यामुळे भारतात गाडी चालवलेल्यांना रस्ता लगेच ओळखीचा वाटतो. मात्र पोर्ट ऑगस्टाच्या पुढे चूक सावरून घ्यायला जवळपास कोणी नसतं. हे पत्रक मुख्यतः त्या टप्प्यासाठी आहे.

कधी जावं, किती दिवसांत

एप्रिल ते सप्टेंबर हा काळ चांगला. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. भारतातून आलेले आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर त्या दिवसांत हा प्रवास करू नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो. हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या जून ते ऑगस्टमध्ये, दुपार सुखाची असते, पण रात्री स्वेटर आणि कानटोपी लागते.

एका दिवसात गाठायचा हट्ट नको. नुसतं गाडी चालवणं नऊ तासांचं आहे, थांबे धरून अकरा तास होतात. जूनमध्ये ॲडलेडला उजाडायला जवळजवळ साडेसात वाजतात आणि कूबर पेडीत पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे शेवटचा तासभर अंधारात जाणारच. नेमक्या त्याच वेळी कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टाला करा. दुसऱ्या दिवशी उरलेले ५४० किलोमीटर भर उजेडात सहा-सात तासांत होतात.

पेट्रोलचा हिशोब

अंतरं अंदाजे अशी: ॲडलेड ते पोर्ट ऑगस्टा ३१०, तिथून पिंबा १७०, पिंबा ते ग्लेनडॅम्बो ११५, ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी २५० किलोमीटर. पिंबा आणि ग्लेनडॅम्बो हे वाटेतले पेट्रोलचे थांबे. या शेवटच्या टप्प्यात एकही पंप नाही.

आमची लहान सेडान १०० किलोमीटरला साधारण ९ लिटर पेट्रोल घेते. पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी अंतराला ४८ ते ४९ लिटर होतात आणि टाकी ५० लिटरची आहे. कागदावर जमतं, रस्त्यावर जमत नाही. समोरून वारा, एसी, टपावरचं सामान आणि चार माणसं मिळून खप २० ते २५ टक्के वाढतो. म्हणून टाकी निम्मी भरलेली असली तरी पिंबाला फुल्ल करा. ग्लेनडॅम्बोचा पंप चालू आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. तो बंद असेल तर पिंबा ते कूबर पेडी सलग ३६५ किलोमीटर होतात. वाढीव खप धरून त्याला ४० लिटर लागतात, म्हणजे पिंबाला भरलेली टाकी पुरते. पिंबा मागे टाकून पुढे गेलात तर मात्र पुरणार नाही. गाडीत पेट्रोलचा कॅन ठेवू नका. उन्हात बंद डिकीत त्याची वाफ साठते.

टायर, पाणी आणि गाडी बंद पडली तर

या रस्त्यावर टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा कमी हवा असते. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दुमडते, आतून तापते आणि पट्टे सुटतात. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात हवेचा आकडा असतो. पूर्ण भारासाठी दिलेला आकडा धरा आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो. तो पाहून हवा काढू नका. स्टेपनीतली हवाही बघा. जॅक आणि पान्हा कुठे आहेत, हे चावी घेतानाच आमच्याकडून दाखवून घ्या.

माणशी दिवसाला किमान ५ लिटर पाणी धरा आणि एक दिवसाचं जास्तीचं ठेवा. चौघांसाठी ४० लिटर होतं. ते दोन-तीन कॅनमध्ये वाटून ठेवा, म्हणजे एक फुटला तरी उरलेलं हाती राहतं. कूबर पेडीचं पाणी गावाबाहेरच्या बोअरमधून येतं आणि क्षार काढून पुरवलं जातं. तिथे ते मौल्यवान आहे, जपून वापरा.

इंजिन तापलं तर बाजूला थांबा, बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. गाडी सुरूच होत नसेल तर गाडीजवळच थांबा. शोधणाऱ्यांना गाडी दुरून दिसते, चालत गेलेला माणूस दिसत नाही. हायवेवर वाहनं येत राहतात, कोणीतरी थांबतंच. गावांमधल्या लांब पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते. त्यातल्या त्यात टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीचं जाळं जास्त पोहोचतं. आणीबाणीचा नंबर ०००. उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र आमच्याकडे भाड्याने मिळतं, ते घ्याच.

रोड ट्रेन आणि जनावरं

पोर्ट ऑगस्टाच्या उत्तरेला ५३.५ मीटरपर्यंत लांबीचे ट्रक धावतात. एका ट्रकमागे दोन-तीन ट्रेलर जोडलेले असतात, म्हणून त्यांना रोड ट्रेन म्हणतात. ट्रक ताशी ९० ने आणि तुम्ही मर्यादेइतके, म्हणजे ११० ने जात असाल, तर पुढे-मागे ५० मीटर अंतर राखून तो ओलांडायला जवळजवळ २८ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही साडेआठशे मीटर जाता आणि समोरची गाडीही तितकीच जवळ येते. किमान दोन किलोमीटर रस्ता मोकळा दिसल्याशिवाय बाहेर पडू नका. शेवटचा ट्रेलर थोडा झुलतो, म्हणून शेजारून रेंगाळत जाऊ नका. समोरून रोड ट्रेन आली की वाऱ्याचा धक्का बसतो, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा.

कांगारू किंवा एमू आडवा आला तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. झटक्याने गाडी वळवली तर ती उलटते, आणि जनावराला धडकण्यापेक्षा ते फार वाईट. रस्त्यावरच्या मेलेल्या जनावरावर गरुड बसलेला दिसला तर वेग कमी करा. त्याला उडायला वेळ लागतो. सूर्यास्तानंतर गावाबाहेर जनावराला धडकून झालेलं नुकसान आमच्या विम्यात बसत नाही.

मधला बराच पट्टा वूमेराच्या संरक्षण चाचणी क्षेत्रातून जातो. हायवेवरून जायला परवानगी लागत नाही, पण विश्रांतीच्या जागा सोडून आत शिरू नका. कुठे रस्त्यावरच विमानाच्या धावपट्टीच्या खुणा दिसतील. त्या उडत्या डॉक्टरांच्या, म्हणजे दुर्गम भागातल्या रुग्णांसाठी विमानाने येणाऱ्या वैद्यकीय सेवेच्या, विमानासाठी आहेत, तिथे गाडी उभी करायची नाही.

पिंबाच्या पुढे लेक हार्टचं पांढरंशुभ्र मिठागर दिसतं. दशम्यांचा डबा उघडायला याहून चांगली जागा वाटेत नाही.

गावात पोहोचल्यावर

इथे १९१५ साली विली हचिसन या किशोरवयीन मुलाला ओपल सापडलं आणि गाव वसलं. उन्हापासून बचावासाठी लोकांनी टेकड्या कोरून घरं केली. आत वर्षभर साधारण २३ ते २५ अंश असतात. मुक्कामही असाच जमिनीखाली घ्या. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च असंच कोरलेलं आहे, ते चुकवू नका.

गावाभोवती खाणींसाठी पाडलेली उघडी भोकं हजारोंनी आहेत. रुंदी मीटरभर, खोली कधी ३० मीटर, भोवती कठडा नाही. फोटो काढताना मागे सरकू नका. पाट्यांवर हेच लिहिलेलं असतं, आणि ते अक्षरशः पाळायचं आहे. मुलांचा हात सोडू नका. खुंट्या मारलेल्या हद्दीत, म्हणजे कोणाच्या तरी क्लेमवर (खाणकामाचा हक्क घेतलेल्या जागेवर), परवानगीशिवाय पाऊल टाकणं बेकायदा आहे. मातीच्या ढिगाऱ्यांत ओपल शोधायचं असेल तर गावातली खास राखीव सार्वजनिक जागा आहे, तिथे जा.

उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कांकू-ब्रेकअवेज हे रंगीत टेकड्यांचं संरक्षित क्षेत्र आहे. तिथे परवाना लागतो आणि रस्ता कच्चा आहे. आमच्या सेडानचा विमा कच्च्या रस्त्यावर लागू नाही, त्यामुळे तिथे स्थानिक सहलीच्या गाडीने जा. पावसानंतर हे रस्ते बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो.

ओपल घेताना

शुक्राचं रत्न म्हणून ओपल घेणारे ग्राहक बरेच असतात. त्यांनी सुटा खडा घ्यावा. दागिन्यात मागून बंद बसवलेला असेल तर सांधा दिसत नाही. खडा बाजूने पाहा. सरळ रेघ दिसली तर तो डबलेट, म्हणजे ओपलची पातळ चकती गडद पाठीवर चिकटवलेली. वर पारदर्शक टोपीही असेल तर ट्रिपलेट. दोन्हींत फसवणूक नाही, पण किंमत फार कमी हवी, आणि पाण्यात भिजवले तर डिंक सुटतो. अखंड ओपल घेत असाल तर पावतीवर ‘सॉलिड’ लिहून घ्या. ओपलमध्ये मुळातच पाणी असतं, म्हणून तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तडा जातो.

भारतात परतणाऱ्यांनी एकाच विक्रेत्याकडून ३०० डॉलर किंवा जास्त खरेदी केली असेल आणि ती देश सोडण्याआधीच्या ६० दिवसांतली असेल, तर विमानतळावर जीएसटी परत मागता येतो. करपावती आणि खडा दोन्ही हाताच्या बॅगेत ठेवा.

परतीच्या आदल्या संध्याकाळीच टाकी भरा आणि उजाडल्यावर निघा.