लायसन्सची फाईल आणि फाईलवरचं लायसन्स

रिपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टचा कोड ठेवतात त्या जागी, लायसन्सची फाईल टाकली की काम झालं, ही समजूत काही केल्या जात नाही. एमआयटी, म्हणजे जवळपास सगळी मोकळीक देणारं लायसन्स, वापरणाऱ्यांचं त्यावर भागतं. मजकूर छोटासा, साल आणि नाव भरायची जागाही त्यातच. भरा आणि मोकळे व्हा.

हीच सवय जीपीएलला, म्हणजे कोड पुढे वाटताना तेच लायसन्स ठेवायला लावणाऱ्या लायसन्सला, लावली की घोळ होतो. जीपीएलच्या माथ्यावरची कॉपीराइटची ओळ फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची, तीसुद्धा त्या मजकुरापुरती. तिथे स्वतःचं नाव घुसवणारे महाभाग आहेतच. मजकूर बदलायला मनाई आहे, हे लगेच खाली लिहिलेलं असूनही. अपाचे २.० या आणखी एका मोकळ्या लायसन्सच्या शेवटी चौकटी कंसात साल-नाव दिसतं, तेही तिथे भरायचं नसतं. तो नमुना उचलून सोर्स फाईलच्या, म्हणजे कोडच्या फाईलच्या, वर लावायचा असतो.

पण खरी मेख पुढेच आहे. तुमचा कोड ‘फक्त जीपीएल २’ खाली आहे, की ‘२ किंवा नंतरच्या कोणत्याही आवृत्ती’खाली? लायसन्सची फाईल दोन्ही वेळा अक्षरशः तीच असते! निवड कळते ती तुम्ही कोडच्या फाईलच्या वर जे लिहिता त्यावरून. आवृत्तीचा आकडाच कुठे दिला नसेल, तर कलम ९ प्रमाणे घेणाऱ्याला फाउंडेशनची कोणतीही प्रसिद्ध आवृत्ती निवडता येते. हा शब्दच्छल नव्हे. अपाचे २.० खालची लायब्ररी (दुसऱ्याचा तयार कोड) जीपीएल ३ बरोबर चालते, २ बरोबर नाही. म्हणजे ‘किंवा नंतरची’ लिहिलं असेल तर घेणारा ३ निवडून ती जोडू शकतो. ‘फक्त’ असेल तर रस्ता बंद. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘फक्त २’ वर आहे, तो मुद्दाम.

लांबलचक परिच्छेद प्रत्येक फाईलला चिकटवायची हौस मला मुळीच नाही. एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्सची नावं थोडक्यात लिहायच्या ठरलेल्या पद्धतीची, एक ओळ पुरते. कर्नलनेही २०१७ पासून तीच वाट धरली. मात्र शेवटी ‘ओन्ली’ किंवा ‘ऑर-लेटर’ लिहाच. नुसतं ‘जीपीएल-२.०’ हे लेबल एसपीडीएक्सने याच संदिग्धतेपायी बाद ठरवलंय.

कॉपीराइटची ओळ वेगळी: मालक कोण, एवढंच ती सांगते. एमआयटीशेजारी ‘ऑल राइट्स रिझर्व्ड’ (सर्व हक्क राखीव) लिहिणाऱ्यांना नक्की काय राखून ठेवायचं असतं, देव जाणे.

आणि फाईल एकटीच दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये जाते, लायसन्सची फाईल मागे राहते. म्हणून दुसऱ्याची फाईल घेताना तिच्यावरच्या ओळी पुसू नका; आपली भर त्यांच्याखाली लिहा.