डिझेलवर करणे (जीप)

डिझेलवर करणे (जीप) : पेट्रोलवर चालणाऱ्या जीपचे मूळ इंजिन उतरवून तिथे डिझेल इंजिन चढवण्याचा गॅरेजधंद्यातील प्रघात. प्रस्तुत नोंद बेळगाव जिल्हा (2014 पासून अधिकृत नाव बेळगावी) आणि त्याला भिडलेला चंदगड, गडहिंग्लज, कागल हा कोल्हापूर जिल्ह्याचा पट्टा एवढ्यापुरती आहे. ‘डिझेलीकरण’ हा शब्द रेल्वेच्या लिखाणातला. गॅरेजात ‘गाडी डिझेलवर केली’ किंवा ‘डिझेल बसवलं’ असेच म्हणतात, म्हणून नोंदीचे शीर्षकही तसेच ठेवले आहे.

उत्तर भारतातील ‘जुगाड’ या वाहनप्रकाराशी याची गल्लत करू नये. जुगाडात शेतीपंपाचे इंजिन लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावर बसवून नवेच वाहन उभे केले जाते. इथे चॅसी, अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना शक्ती वाटून देणारी पेटी) आणि बहुधा गिअरबॉक्सही मूळचाच राहतो. बदलते ते फक्त इंजिन. हरियाणातील मंडी डबवालीच्या जीपही वेगळ्या. तिथे सुट्या भागांतून अख्खी गाडी बांधली जाते.

उगम : हा प्रघात या भागात कधी आणि कुठून आला यावर एकमत नाही. एक मत लष्करी छावणीकडे बोट दाखवते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर भारतभर लष्करी जीप लिलावात निघाल्या. या ‘डिस्पोजल’च्या गाड्या दुरुस्त करता करता इंजिन बदलण्याची कला इथे रुजली, असे या मताचे म्हणणे. छावणीमुळे जीप आल्या हे मान्य करता येते. पण त्या जीपना बसेल असे डिझेल इंजिन तेव्हा सहज मिळत नव्हते आणि पेट्रोलही इतके महाग नव्हते, की कोणी हा खटाटोप करावा. गाडी कुठून आली एवढेच या मतातून कळते. बदल का झाला याचे उत्तर त्यात नाही.

दुसरे मत किर्लोस्करांपर्यंत मागे जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे ठळकवाडी ही नवी वसाहत आखली जाताना जागा सोडावी लागल्याने 1910 मध्ये त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या नावाचा रस्ता आजही शहरात आहे. बेळगावच्या यंत्रकौशल्याचा धागा थेट तिथे नेऊन बांधण्याचा मोह स्थानिक अभिमानाला साजेसा आहे, आणि तो अभिमान रास्तही आहे. तरी कारखाना गाव सोडून गेला तो काळ आणि पहिली जीप डिझेलवर गेली असेल तो काळ यांत अर्धशतकाहून अधिक अंतर पडते. हा वारसा प्रेरणेचा मानावा. उस्ताद-शागिर्द परंपरेचा मानायला आधार तोकडा आहे.

तिसरे मत अधिक साधे आहे आणि प्रस्तुत नोंदलेखकाला तेच ग्राह्य वाटते. कोल्हापूर ते बेळगाव या उसाच्या पट्ट्यात विहिरीवर आणि नदीकाठी ऑइल इंजिन असे. ते उघडणारा, रिंगा टाकणारा, नोझल साफ करणारा मिस्त्री गावोगाव होता. कोल्हापुरात तर ऑइल इंजिने बनवण्याचा धंदाच उभा राहिला होता आणि बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम व लेथकाम वाढत होते. विजेचे पंप येत गेले तसतसा ऑइल इंजिनाच्या मिस्त्रीचा हात रिकामा झाला असावा. त्याला डिझेलची भीती नव्हती आणि शेजारी लेथ होता. दोन बाहेरच्या गोष्टी याला पूरक ठरल्या : 1973 च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले, आणि 1963 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीच्या बी-275 ट्रॅक्टरमुळे जीपच्या मापात बसू शकेल असे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन खेड्यापर्यंत पोचले. त्यामुळे प्रघाताची सुरुवात 1970 नंतरच्या दशकात, बहुधा त्याच्या उत्तरार्धात झाली असे धरणे सुरक्षित ठरेल.

कल्पना अर्थात इथली नव्हे. खुद्द जीप बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलीज कंपनीने 1961 पासून सीजे-5 या जीपमध्ये पर्किन्सचे 192 घनइंची डिझेल इंजिन पर्याय म्हणून देऊ केले होते.

मूळ इंजिन आणि बदली इंजिन : युद्धकाळातील विलीज जीपचे ‘गो डेव्हिल’ इंजिन 134 घनइंचाचे, म्हणजे सुमारे 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे आणि मिनिटाला 4000 फेऱ्यांपर्यंत जाणारे होते. भारतात जी जीप सर्वाधिक काळ बनली ती सीजे-3बी. तिचे ‘हरिकेन’ इंजिन त्याच मापाचे, पण वरच्या बाजूस व्हॉल्व्ह असल्याने उंच; म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. उंच बॉनेटची ही जीप दिसायला थोराड वाटते आणि जाणकार तिला नाक मुरडतात. पण त्याच उंचीमुळे डिझेल इंजिन बॉनेट न कापता आत मावले. बुटक्या बॉनेटच्या जुन्या जीपला हे सुख नाही.

बदली इंजिनांचे दोन वर्ग करता येतात. पहिला ट्रॅक्टरच्या कुळातला. बी-275 चे इंजिन नाममात्र 144 घनइंचाचे. त्याच कुळातले इंजिन महिंद्राने पुढे आपल्या डिझेल जीपमध्येही वापरले. दुसरा वर्ग मोटारीच्या कुळातला. महिंद्राने 1979 च्या सुमारास प्यूजोकडून परवाना घेऊन एक्सडीपी 4.90 हे इंजिन आणले. नावातील 4 म्हणजे चार सिलिंडर आणि 90 म्हणजे मिलिमीटरमधला बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची धाव) 83 मि.मी., घनफळ 2112 घन सें.मी., शक्ती 62 अश्वशक्ती. गॅरेजात त्याला नुसते ‘प्यूजो’ म्हणतात. नंतरचे महिंद्राचे 2523 घन सें.मी.चे ‘डीआय’ इंजिन आणि बजाज टेम्पोच्या गाड्यांतले मर्सिडीज घराण्यातले 2.4 लिटरचे इंजिन हेही याच कामी येत.

फेऱ्यांचा हिशेब : दोन वर्गांतला खरा फरक शक्तीचा नसून फेऱ्यांचा आहे, आणि फसलेल्या बहुतेक गाड्या इथेच फसतात. जीपच्या अ‍ॅक्सलमधील क्राउन-पिनियनचे (चाकांकडे फेरे कमी करून देणाऱ्या दातेरी जोडीचे) प्रमाण युद्धकालीन गाडीत 4.88 आणि सीजे-3बीमध्ये 5.38. म्हणजे टॉप गिअरला इंजिनाचे सुमारे पाच ते साडेपाच फेरे तेव्हा चाकाचा एक. सोळा इंची रिमवरचे जुने सहाचे (सहा इंच रुंदीचे) टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जाते. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला 2200 फेऱ्यांवर अडले, तर 5.38 च्या अ‍ॅक्सलवर गाडी ताशी 55 कि.मी.च्या आसपास थांबते. ती शेतात चालेल. पण बेळगावहून निपाणीला हमरस्त्याने जायचे तर मागचा ट्रक हॉर्न वाजवून जीव नकोसा करील. 4500 फेऱ्या झेलणारे प्यूजो त्याच अ‍ॅक्सलवर मूळ पेट्रोल इंजिनाइतकेच धावते. ट्रॅक्टरचेच इंजिन ठेवायचे असेल, तर अ‍ॅक्सलचे प्रमाण उतरवावे लागते किंवा टायर मोठे घालावे लागते. टायर मोठे केले की ब्रेक कमी पडतात, आणि ते ब्रेक मुळातच बूस्टर नसलेल्या ड्रमचे असतात.

‘डिझेल जास्त ओढते’ ही समजूत सर्वत्र आहे. आकडे तिला पुरते दुजोरा देत नाहीत. गो डेव्हिलचा पिळबल (टॉर्क) सुमारे 142 न्यूटन-मीटर, तर एक्सडीपी 4.90 चा सुमारे 121. म्हणजे पेट्रोलच वरचढ. तरीही चालकाला येणारा अनुभव खोटा नाही. डिझेलच्या पंपावर गव्हर्नर असतो. चढावर फेऱ्या पडू लागल्या की तो आपण होऊन इंधन वाढवतो, त्यामुळे पाय न लावताही गाडी पहिल्या गिअरात चिखलातून कुरकुरत वर येते. कार्ब्युरेटरचे इंजिन त्याच जागी बंद पडते. लोक ज्याला ‘ओढ’ म्हणतात तिचा मोठा भाग हा गव्हर्नरचा आहे.

जोडकाम : कामाचा कस इंजिन निवडण्यात कमी आणि ते मूळ गिअरबॉक्सला जोडण्यात जास्त लागतो. इंजिनाचा मागचा भाग आणि गिअरबॉक्सचे बेलहाऊसिंग (क्लचभोवतीचे कवच) यांची भोके जुळत नाहीत, म्हणून दोहोंमध्ये जाड पोलादी अडॅप्टर प्लेट बसते. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या बुशात शिरते. प्लेटच्या जाडीइतके ते आखूड पडते, तेवढा लांब बुश लेथवर वेगळा करावा लागतो. आणि प्लेटवरचे मधले वर्तुळ क्रँकच्या मध्याशी जुळले पाहिजे. ते पाच थाऊंच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या), म्हणजे 0.127 मि.मी.च्या आत असावे असा संकेत आहे. डायल लावून हे तपासणारा मिस्त्री आणि डोळ्यांनी ‘सेंटर काढणारा’ मिस्त्री यांच्या गाड्या पहिल्या आठवड्यात सारख्याच चालतात. पुढे दुसऱ्याच्या गाडीचा क्लच थरथरतो, बुश खातो आणि शेवटी गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग गाऊ लागते. दोष मात्र इंजिनाच्या नावावर जातो. नोंदलेखकाच्या मते या साऱ्या प्रघाताची प्रतिष्ठा त्या पाच थाऊंवर टिकून आहे; इथल्या लेथकामाच्या परंपरेने ती राखली म्हणूनच त्याची नोंद घ्यावीशी वाटते.

प्लेटमुळे गिअरबॉक्स मागे सरकला, तर मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. सीजे-3बीच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर अवघे 80 इंच (2032 मि.मी.). तिथे मुळातच तोकडा असलेला शाफ्ट आणखी तोकडा झाला की क्रॉसवरचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावरचा) कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. म्हणून जाणते मिस्त्री गिअरबॉक्स जागेवर ठेवून इंजिन पुढे घेतात आणि रेडिएटर सरकवतात. पुढे घेतले की इंजिनाचे चेंबर (तळाचे तेलपात्र) खालच्या अ‍ॅक्सलवर येते. पाटे (स्प्रिंगा) दबले की डिफरन्शियल चेंबरला लागता कामा नये, यासाठी चेंबर कापून उथळ करतात. तेलाचे माप घटू नये म्हणून ते बाजूने फुगवावे लागते. वाढलेल्या वजनासाठी पुढच्या पाट्यांत एक पान चढवतात.

बाकीचे काम तपशिलाचे आहे. जुन्या लष्करी जीपची वीज 6 व्होल्टची. डिझेलचा सेल्फ आणि हीटर प्लग यांना ती पुरत नाही, म्हणून सारे 12 व्होल्टवर न्यावे लागते. चावी काढल्याने डिझेल थांबत नाही. पंपाला स्टॉपची दोरी लागते. टाकीकडे परतीची नळीही नवीन. कुठे हवा धरली की गाडी बंद, आणि मग बोनेट उघडून हातपंपाने ती काढत बसावे लागते.

वापर : जिल्ह्याच्या पूर्वेला, बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी माती, पश्चिमेला खानापूर तालुक्यात तांबडी जांभी माती, डोंगर आणि मलप्रभेच्या उगमाजवळच्या कणकुंबीसारखा धो धो पाऊस. जांबोटी-कणकुंबीकडच्या ओढ्यांतून जाणाऱ्याला डिझेलचा आणखी एक गुण कळतो : त्यात ठिणगीच नसल्याने डिस्ट्रिब्युटर भिजून गाडी अडण्याचा प्रश्न येत नाही. शेतमाल, डेअरीचे दूध, लाकूड, बाजाराची माणसे अशा सगळ्या कामांना या जीप लागल्या. निपाणी-कागल भागात वडापच्या (भाड्याने प्रवासी नेणाऱ्या) जीपलाही डिझेलच परवडे.

कायदा : वाहनातील फेरबदलांवर मोटर वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 लागू होते. 2000 च्या दुरुस्तीने ते कडक झाले. उत्पादकाने मूळ नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. दुसऱ्या इंधनासाठीचा बदल विहित अटींवर आणि मान्य किटनेच करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा असाच काटेकोर अर्थ लावला. इंजिन बदलताना नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, कारण इंजिन क्रमांक, इंधन आणि घनफळ या तिन्ही गोष्टी आरसी बुकावर असतात.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. बेळगावची नोंद केए-22, चिकोडीची केए-23, बैलहोंगलची केए-24. आणि चंदगड, कागल, गडहिंग्लज एमएच-09 खाली. सोयरीक, शेत आणि बाजार दोन्हीकडे असलेल्या माणसाची गाडी सहज इकडची तिकडे विकली जाते. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची तर ना-हरकत दाखला घेऊन नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी गाडी तपासणीला उभी राहते. ब्लॉकवरचा क्रमांक आणि बुकातला क्रमांक जुळला नाही, की चांगली चालती गाडी कागदावर अडकते. डिझेलवर केलेली जीप विकत घेणाऱ्याने आधी बॉनेट उघडून क्रमांक वाचावा, ही या भागातील जुनी शिस्त आहे.

कारखान्यातूनच डिझेल जीप मिळू लागल्यावर आणि ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यावर या कामाची गरज ओसरली. ऑटोनगर आणि उद्यमबागेकडची वर्कशॉपे आता बहुधा जुन्या बदललेल्या गाड्यांची दुरुस्तीच करतात. उलट प्रवाहही दिसतो : जुनी जीप मूळ रूपात उभी करू पाहणारे हौशी लोक एके काळी भंगारात टाकलेले गो डेव्हिल आणि हरिकेनचे ब्लॉक शोधत फिरतात, आणि ब्लॉकवर कोरलेला क्रमांक घासून वाचतात.