दोन थेजो: गोर्योचा आणि जोसॉनचा

कोरियन ऐतिहासिक मालिका बघणाऱ्यांचा एक घोळ हमखास होतो: थेजो राजा नेमका कुठला? एक गादीवर आला 918 मध्ये, दुसरा 1392 मध्ये. थेजो ही घराण्याच्या मूळपुरुषाला मरणोत्तर मिळणारी पदवी. पहिला वांग गॉन, गोर्यो राज्याचा संस्थापक. दुसरा यी सॉंग-ग्ये, तेच गोर्यो बुडवून जोसॉन उभं करणारा. दोघेही मूळचे सेनापती आणि दोघांनीही धन्याचीच गादी घेतली, म्हणजे गोंधळात भरच.

वांग गॉनची रीत सोयरिकीची. ठिकठिकाणच्या बलाढ्य सरदारांच्या मुली करत त्याच्या राण्या झाल्या 29! सिल्ला या जुन्या कोरियन राज्याच्या शेवटच्या राजाने 935 मध्ये राज्य स्वाधीन केलं, तर त्यालाही जावई करून घेतलं. खितान या उत्तरेकडच्या भटक्या लोकांवर मात्र त्याचा दात होता, कारण त्यांनी शेजारचं बाल्हे राज्य बुडवलं होतं. 942 मध्ये त्यांच्याकडून 50 उंट नजराणा आले. याने दूतांना बेटावर धाडलं आणि उंट पुलाखाली बांधून उपाशी मारले. चीनचं सगळंच उचलू नका, बौद्ध मठांना जपा, असं तो वारसांना दहा आज्ञांत सांगून गेला.

यी सॉंग-ग्येला 1388 मध्ये चीनच्या मिंग साम्राज्यावर चालून जायचा हुकूम होता. सीमेवरच्या यालू नदीतल्या विह्वा बेटावरून तो माघारी फिरला. लहान राज्याने मोठ्याच्या वाटेला जाऊ नये, हे एक कारण. दुसरं अस्सल शिपाईगड्याचं, पावसाळ्यात धनुष्याचे थर चिकटवणारा सरस सुटतो. मग फौज राजधानीवरच वळवली. 1391 मध्ये जमिनींची फेरव्यवस्था करून बड्या घराण्यांचं कंबरडं मोडलं, आणि नव्या राज्याचं नावसुद्धा दोन पर्यायांतून मिंग बादशहाकडून निवडून घेतलं. जॉंग दो-जॉन या कन्फ्यूशियन पंडिताने कारभाराची घडी बसवली. हान्यांग, म्हणजे आजचं सोल, राजधानी झालं. 1395 मध्ये ग्यॉंगबोकगुंग राजवाडा उभा राहिला. गंमत म्हणजे मठांचं वजन उतरवणाऱ्या या राजवटीचा संस्थापक स्वतः बौद्धच राहिला. मुहाक नावाचा भिक्षू त्याचा राजगुरू.

ठसा कुणाचा खोल? माझ्या मते दुसऱ्याचा. त्याचं घराणं 1910 पर्यंत टिकलं, आणि पडद्यावर दिसणारा दरबारी कोरिया बहुतेक त्याच्याच घराण्याचा. पण जोसॉनची ओळख मानली जाणारी परीक्षा देऊन अधिकारी निवडायची पद्धत मुळात गोर्योची. वांग गॉनच्या मुलाने, ग्वांगजोंगने, ती 958 मध्ये सुरू केली, वडिलांनी सोयरे करून ठेवलेल्या त्याच सरदारांना वेसण घालायला.