सिमवाल्या राउटरचं अपडेट: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यातल्या ज्या गावांत फायबर अजून दारापर्यंत आलेलं नाही, तिथं घरचं नेट सिम टाकलेल्या राउटरवरच चालतं. पोरांचे क्लास, महाडीबीटीचे अर्ज, गोठ्यातला कॅमेरा, सगळं त्या एका डब्यावर. आमच्याकडे एक तक्रार सारखी येते: "भाऊ, रात्री चांगलं चालू होतं, सकाळी पाह्यलं तं वायफायचं नावच बदललं अन् जुना पासवर्डही घेत नाही." बहुतेक वेळा डबा बिघडलेला नसतो. रात्री त्यानं अपडेट घेतलेलं असतं.

डबा एकाचा, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं

राउटरच्या आत जे सॉफ्टवेअर कायम बसवलेलं असतं त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याचा एक भाग टॉवरशी बोलतो, दुसरा वायफाय आणि सेटिंगचं पान सांभाळतो. डबा हुआवे, झेडटीई किंवा टीपी-लिंकसारखी कंपनी बनवते. पण तो सिम कंपनीनं स्वतःच्या नावानं विकला असेल, तर आतलं सॉफ्टवेअर तिच्या सांगण्यानुसार बदललेलं असतं. वरचं चिन्ह आणि रंग सोडा, तेवढ्यानं काही बिघडत नाही. खरा फरक आत आहे: एपीएन (सिमला नेटशी जोडणारं नाव) आधीच भरलेलं असतं, डबा अनेकदा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो, कोणते बँड (टॉवरच्या लहरींचे पट्टे) वापरायचे ते ठरलेलं असतं आणि काही सेटिंगा पानावरून काढून टाकलेल्या असतात.

काही राउटरच्या मागं टेलिफोनची वायर लावायला पोर्ट असतं, त्याचं उदाहरण घ्या. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं ते थेट ४जीवर, मागं टूजी-थ्रीजी नाहीच. त्यामुळे तिथं साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरूनच, म्हणजे ४जीच्या नेटमधूनच जातो, आणि त्यासाठी लागणारी जुळणी सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. म्हणून बाजारातून आणलेल्या खुल्या (कोणत्याही सिम कंपनीला न बांधलेल्या) राउटरवर नेट धडाक्यात चालतं, पण मागं लावलेला टेलिफोन मुका राहतो. त्यात फोनचा दोष नसतो.

नवं अपडेट उशिरा का येतं, हेही यातूनच कळतं. आधी चिप बनवणारा दुरुस्ती करतो, मग ती राउटर बनवणाऱ्याकडे येते, मग सिम कंपनी आपले बदल घालून तपासते, आणि मग कुठं तुमच्या घरी पोचते. बनवणाऱ्याच्या साइटवर नवी आवृत्ती दिसते आणि तुमच्या पानावर "नवीन काही नाही" असं येतं. दोन्ही खरं असतं. आमचं मत विचाराल तर हा उशीर काही वेळा फारच लांबतो, आणि जुन्या मॉडेलला तर अपडेट येणंच बंद होतं. घेताना स्वस्त पडलेल्या डब्याची ही बाजू आम्ही विकतानाच सांगतो.

तुमच्याकडे कोणतं आहे ते बघा

डब्याखालच्या स्टिकरवर पत्ता छापलेला असतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.८.१ असा. (ब्राउझरमध्ये टाकताना इंग्रजी आकडे वापरा.) आत गेल्यावर "डिव्हाइस इन्फर्मेशन" किंवा तशाच नावाच्या पानावर सॉफ्टवेअर व्हर्जन दिसेल. हुआवेच्या बऱ्याच डब्यांत त्या लांबलचक आकड्यात "सी" हे अक्षर आणि पुढे काही अंक असतात. सी०० असेल तर ते सर्वसाधारण; दुसरा अंक असेल तर ते एखाद्या कंपनीसाठी किंवा देशासाठी बनवलेलं. टीपी-लिंकमध्ये एकाच मॉडेलच्या अनेक हार्डवेअर आवृत्त्या निघतात, त्यामुळे स्टिकरवरचा "व्हर्जन"चा आकडाही जुळावा लागतो. मॉडेलचं नाव तेच आहे एवढ्यावर फाईल टाकू नका.

कुणीतरी व्हिडिओत दाखवलं म्हणून कंपनीचं काढून खुलं फर्मवेअर भरायचं, असं करणारे आमच्याकडे येतात. कधी जमतं. नाही जमलं तर फोनचं पोर्ट जातं, बँड जुळत नाहीत, आणि परत जुन्यावर यायला गेलं तर डबा मागची आवृत्ती स्वीकारत नाही. अशा उद्योगात आयएमईआय (डब्याचा ओळख क्रमांक) पुसला किंवा बदलला गेला तर गोष्ट दुरुस्तीपुरती राहत नाही. आयएमईआयमध्ये फेरफार करणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा. म्हणून सिमलॉक तोडणं आणि आयएमईआय लिहिणं ही कामं आम्ही करत नाही, ओळखीच्यांसाठीही नाही.

मग अपडेट बंदच ठेवावं का?

नाही. सिम कंपन्या आपल्या डब्यांना दुरून सांभाळतात, त्यासाठी टीआर-०६९ नावाची पद्धत आहे. अपडेट रात्री आपोआप येतं ते बहुधा तिच्यातूनच. याच व्यवस्थेसाठी उघडं ठेवलेलं पोर्ट (राउटरचं नेटवरचं दार) चोरट्यांनी २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये हेरलं आणि जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट अडलं. ते राउटर टेलिफोन लाइनवरचे होते, सिमवाले नव्हते. पण धडा लागू होतो. तिथं इलाज झाला तोही नव्या फर्मवेअरनं, आणि ग्राहकांना डबा बंद करून पुन्हा चालू करायला सांगून. सुरक्षेची भोकं बुजवायला दुसरा मार्ग नाही. आपोआप अपडेटची खूण चालूच ठेवा.

आपल्याकडे खरी भीती लाइनची

अपडेट म्हणजे आतल्या मेमरीतलं जुनं पुसून नवं लिहिणं. काही डब्यांत जुनी प्रत बाजूला राखलेली असते, सगळ्यांत नसते. नेमकी त्या पाच-दहा मिनिटांत लाइन गेली तर राउटर अर्धवट अडकतो: एकच दिवा लुकलुकत राहतो, वायफाय दिसत नाही. हाताने अपडेट करणार असाल तर तुमच्या गावच्या लोडशेडिंगची वेळ टाळा, आणि पावसाळ्याआधीच्या वादळी संध्याकाळी तर हातच लावू नका. दिवे विचित्र लुकलुकताना दिसले तर पिन ओढायची घाई नको, अर्धा तास थांबा.

छोटा मिनी यूपीएस घ्या, आम्ही तो आग्रहानं सुचवतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, छोटे हॉटस्पॉट ५ व्होल्टचे. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. छतावर वेगळा डबा असलेलं एअरफायबर असेल तर त्याला वीज खालून, नेटच्याच वायरीतून जाते, म्हणून घरातल्या राउटरसोबत तो अडॅप्टरही यूपीएसवर घ्या. आणि राउटर टिनाखाली, भिंतीच्या वरच्या टोकाला ठेवू नका. मे महिन्यात तिथं तो तापून स्वतःच बंद-चालू होतो, आणि दोष अपडेटला जातो.

अपडेटनंतर नेट चालत नसेल तर

आधी एपीएन बघा. पुसलं गेलं असेल तर जिओसाठी जिओनेट, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

वायफायचं नाव-पासवर्ड मूळ स्टिकरवरचे झाले असतील तर नवीन काही सुचवत बसू नका, जुनेच जसेच्या तसे पुन्हा भरा. घरातले सगळे फोन आपोआप जुळतात, प्रत्येकाला सांगत फिरावं लागत नाही. तरी कॅमेरा जुळला नाही तर दोन जागा तपासा. काही अपडेट वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर नेतात, जुन्या कॅमेऱ्यांना आधीची डब्ल्यूपीए२ लागते. काही अपडेट वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांचं नाव एक करून टाकतात, आणि स्वस्त कॅमेऱ्याला फक्त २.४ कळतं, तेव्हा दोन नावं वेगळी करा.

"अपडेटनंतर स्पीड गेला" ही तक्रार मोजून करा. सेटिंगच्या पानावर आरएसआरपी नावाचा, टॉवरच्या सिग्नलचा जोर सांगणारा आकडा असतो, उणे चिन्हासकट. उणे ९० च्या आसपास म्हणजे चांगलं, उणे ११० च्या खाली गेलं की ओढाताण. आधीचा आकडा आणि आताचा तोच असेल तर सिग्नल गेलेला नाही. संध्याकाळी सारं गाव एकाच टॉवरवर असतं तेव्हा स्पीड पडतोच. आकडाच घसरला असेल तर डब्यानं बहुधा दुसरा बँड धरला. ८५० मेगाहर्ट्झ लांब पोचतं, २३०० तेवढं नाही. डबा टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवून पुन्हा चालू करून पाहा.

यासाठी आजच दोन-तीन फोटो काढून ठेवा: खालचं स्टिकर, एपीएनचं पान, सिग्नलचं पान.

दुकानात आणताना

आमच्याकडून घेतलेल्या डब्याचं अपडेट तपासून देण्याचे पैसे नाहीत. दुसरीकडून घेतलेल्याचे ५० रुपये. डब्यासोबत त्याचाच अडॅप्टर आणा, कारण निम्मे "बंद पडलेले" राउटर दुसऱ्या अडॅप्टरवर चालू होतात. सिम काढून घरी ठेवू नका, त्याशिवाय आम्हाला टॉवरशी जोडून बघता येत नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्या दिवशी डबा ठेवून जा आणि दुसऱ्या दिवशी न्या.