बाबा, दार उघडा : इदीर यांच्या गाण्यामागची गोष्ट

बाहेर बर्फ साचून दारं अडली आहेत. ओकचा जाड ओंडका जळतोय. बुर्नूस, म्हणजे टोपी असलेला लोकरी झगा, पांघरलेला म्हातारा कोपऱ्यात शेकत बसलाय, लेकाच्या डोक्यात पोटापाण्याची काळजी, सून मागावर विणते आहे आणि पोरं आजीला बिलगून बसली आहेत. आजी गोष्ट सांगते ती अशी : घ्रीबा नावाची मुलगी दारावर थाप मारते, “बाबा इनूवा, दार उघडा.” आतून बाप म्हणतो, “घ्रीबा बाळे, बांगड्या वाजव.” बांगड्यांची खूण पटल्याशिवाय दार उघडायचं नाही. मुलगी म्हणते, “मला रानातल्या राक्षसाची भीती वाटते.” बाप म्हणतो, “मलाही वाटते गं.”

‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे दार ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की इथे आतला माणूसही भ्यायलेला आहे आणि दार उघडल्याचं गाण्यात कुठेच येत नाही. कबाइली भाषेतलं हे गाणं, ‘आ वावा इनूवा’, अल्जीरियाच्या डोंगरातून निघून जगभर गेलं. ते गाणाऱ्या इदीर यांचं उरलेलं सगळं आयुष्य मात्र पॅरिसमध्ये गेलं.

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत ‘बर्बर’ म्हणजे रानटी. उत्तर आफ्रिकेतल्या या मूळ रहिवाशांना ‘बर्बर’ हे नाव बाहेरच्यांनीच दिलं. ते स्वतःला ‘अमाझिग’ म्हणवतात आणि त्याचा अर्थ ‘स्वतंत्र माणूस’ असा सांगतात. त्यांच्यातले कबाइली लोक अल्जीरियाची राजधानी अल्जीयर्सच्या पूर्वेला, जुर्जुरा पर्वतरांगेत राहतात. ‘कबाइली’ हा शब्द अरबीतला. आपला ‘कबिला’ही तिथूनच आलेला.

इदीर यांचं खरं नाव हमीद शेरियत. २५ ऑक्टोबर १९४९ रोजी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेनी येन्नी परिसरातल्या एका गावात त्यांचा जन्म झाला. आई आणि आजी दोघी काव्य रचणाऱ्या, त्यामुळे गाणं घरातच होतं. तरी शिक्षण घेतलं भूगर्भशास्त्राचं आणि पुढे तेलक्षेत्रात नोकरी करायची असाच बेत होता.

१९७३ साली अल्जीयर्स रेडिओवर नुआरा या गायिकेच्या जागी एक अंगाईगीत गायला त्यांना ऐनवेळी उभं केलं गेलं. घरच्यांना कळू नये म्हणून त्यांनी नाव बदललं. ‘इदीर’ म्हणजे ‘तो जगेल’. मूल दगावू नये म्हणून ठेवण्याचं हे जुनं नाव. नाव इतकं बेमालूम लपलं, की त्यांची आई रेडिओवर ते गाणं ऐकायची तेव्हा गाणारा आपलाच मुलगा आहे हे तिला माहीत नव्हतं. रेडिओवरच काम करणारे कवी बेन मोहमेद यांनी ‘आ वावा इनूवा’चे शब्द लिहिले. छोटी तबकडी निघाली, इदीर सक्तीच्या लष्करी सेवेत गेले आणि गाणं त्यांच्याशिवायच गाजत राहिलं.

ते इतकं का गाजलं, हे तो काळ पाहिल्याशिवाय समजत नाही. १९६२ साली अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यातून सुटला. त्यानंतर सरकारने शाळेत आणि कारभारात अरबीचा आग्रह धरला. कबाइली भाषेला रेडिओवर एक वाहिनी होती, पण राज्यघटनेत जागा नव्हती. परदेशात राहून गाणारे कबाइली गायक त्याआधीही होतेच. फ्रान्समध्ये मजुरीला गेलेल्यांच्या कॅफेंमधून स्लिमान अझेम यांच्यासारख्यांनी विरहाची गाणी घडवली. अझेम यांची गाणी अल्जीरियाच्या रेडिओवर वर्षानुवर्षे बंद होती आणि १९८३ साली ते फ्रान्समध्येच वारले. इदीर यांच्या गाण्यात ना घोषणा, ना तक्रार. गिटारीच्या तारा बोटांनी अलगद छेडत त्यांनी आजीची गोष्ट जशीच्या तशी गायली. माझ्या मते या गाण्याची ताकद तिथेच आहे. चुलीपाशी बोलायची म्हणून जी भाषा घरात कोंडली होती, ती एका गिटारीवर बाहेर आली.

१९७५ साली पाथे मार्कोनी या ध्वनिमुद्रण कंपनीच्या बोलावण्यावरून ते पॅरिसला गेले. पहिला अल्बम १९७६ चा, दुसरा १९७९ चा. त्यानंतर साधारण दशकभर ते मंचापासून जवळजवळ दूरच राहिले.

इकडे मायदेशी मार्च १९८० मध्ये लेखक मुलूद मामेरी यांचं प्राचीन कबाइली काव्यावरचं व्याख्यान कबाइली भागातल्या तिझी उझू शहराच्या विद्यापीठात होऊ दिलं नाही. मामेरीही बेनी येन्नीचेच. त्यातून उसळलेल्या आंदोलनाला ‘बर्बर वसंत’ म्हणतात. १९९० चं दशक यादवीत गेलं. १९९८ साली कबाइली गायक मातूब लूनेस यांची हत्या झाली.

१९९१ नंतर इदीर पुन्हा गाऊ लागले. १९९९ च्या ‘इदांतिते’ या अल्बममध्ये गायक मानू चाओ होते, तसे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले संगीतकार दान आर ब्राझही होते. ब्रिटनीची ब्रेटन भाषाही फ्रेंचच्या दडपणाखाली आक्रसलेली. ती साथ मला फार बोलकी वाटते. २०१७ च्या शेवटच्या अल्बमसाठी शार्ल अझ्नावूर यांच्यासह फ्रेंच गायकांची गाणी त्यांनी कबाइलीत आणली.

पण सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते २००७ च्या एका गाण्यापाशी. ग्राँ कोर मालाद या तरुण कवी-गायकाने इदीर यांच्यासाठी मुलीला उद्देशून एक पत्र लिहिलं. परंपरेत वाढलेला, परदेशात स्थिरावलेला बाप लेकीला सांगतो, की माया बोलून दाखवायला मी शिकलो नाही, पण तू तुझं आयुष्य मोकळेपणी जग. चौतीस वर्षांपूर्वी दाराआड बसून बांगड्यांची खूण मागणारा बाप या पत्रात स्वतः कडी काढतोय, असं मला ते ऐकताना वाटतं.

अल्जीरियात तामाझिग्त ही अमाझिग लोकांची भाषा २००२ साली राष्ट्रीय आणि २०१६ साली अधिकृत भाषा झाली. जवळजवळ चार दशकं मायदेशात न गायलेले इदीर जानेवारी २०१८ मध्ये, येन्नायेर या अमाझिग नववर्षाच्या निमित्ताने, अल्जीयर्सच्या मंचावर उभे राहिले. त्याच वर्षापासून येन्नायेरची सार्वजनिक सुट्टीही सुरू झाली.

२ मे २०२० रोजी फुप्फुसाच्या आजाराने पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. टाळेबंदीचे दिवस होते. बेनी येन्नीत नव्हे, पॅरिसच्याच पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली गेली.