एकात्मिक नागरी जलचक्र व्यवस्थापन (पुणे)

नळाचे पाणी, पावसाचे पाणी, सांडपाणी आणि भूजल ही चार वेगळी खाती न धरता एकाच पाण्याच्या चार अवस्था मानून त्यांचे नियोजन, बांधकाम व हिशेब एकत्र करण्याची अभियांत्रिकी पद्धत. पुण्यात ही खाती अजून बरीचशी वेगळीच आहेत. धरण जलसंपदा विभागाचे, नळ महापालिकेचा आणि बोअर ज्याच्या त्याच्या सोसायटीची.

पुण्याला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून पाणी मिळते. त्यांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेतीही आहे, त्यामुळे उन्हाळी आवर्तनाचा, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीचा, विषय निघाला की शहर आणि ग्रामीण भाग समोरासमोर येतात.

पाण्याचा एकत्र विचार पुण्याला नवा नाही. पेशवाईत, १७५०च्या सुमारास, कात्रजला आंबिल ओढा अडवून तळे बांधले गेले आणि तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर, पेठांतल्या हौदांपर्यंत आणले गेले. वाटेत ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ ठेवले होते. त्यांतून नळातली हवा बाहेर पडे आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शके. पुढे पात्र आवळले गेले तो हाच आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याने काठावरच्या वस्त्यांत घुसून माणसे नेली. ओढा नकाशावर ‘पावसाळी गटार’ म्हणून दाखवला, तरी पाण्याला त्याची जुनी रुंदी लागतेच.

आजच्या वितरणाचा कणा अजून व्हॉल्व्हमन आहे. पहाटे उंच लोखंडी चावी चेंबरमध्ये घालून तो आटे मोजत फिरवतो, आणि कोणत्या गल्लीत किती वेळ पाणी राहील हे त्या आट्यांवर ठरते. अशा खंडित पुरवठ्यात एक तांत्रिक खोट आहे: पाणी बंद झाले की रिकाम्या नळात दाब उरत नाही आणि सांध्यांतून आजूबाजूचे मैलापाणी आत ओढले जाऊ शकते. चोवीस तास पाणी देऊ पाहणाऱ्या महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग पाडून प्रत्येकाच्या तोंडाशी प्रवाह मोजण्याची कल्पना आहे, तिचे महत्त्व इथे कळते. नळ कायम भरलेला असेल, तर मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या दरम्यान, घरोघरी टाक्या भरलेल्या असताना, विभागात जे पाणी शिरत राहते त्यातले बहुतेक गळतीचे असते.

खरी परीक्षा सांडपाण्याची. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के गटारात जाते असे अभियंते धरतात. पुण्याचे हे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी धरणात पोचते. उजनीतली जलपर्णी त्याचीच साक्ष. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची अकरा नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे आखली गेली. त्याहून जास्त ‘एकात्मिक’ म्हणावे असे काम मात्र मुंढव्याचे जॅकवेल, म्हणजे नदीकाठची उपसा विहीर, आहे. शहराचे प्रक्रिया केलेले पाणी तिथून उपसून जुन्या मुठा कालव्यात, लोकांच्या भाषेत बेबी कालव्यात, शेतीसाठी सोडायचे आणि त्या बदल्यात धरणातले पाणी शहराला वापरायचे, असा हा सौदा. वर्षाला साडेसहा टीएमसी ठरले होते. पण सौद्याचा कस पाण्याच्या प्रतीवर आहे. प्रक्रिया अर्धवट राहिली, तर शेतकऱ्याच्या वाट्याला शहराचे गटारच येते.

भूजलाची नोंद सर्वांत विरळ. पुण्याखालच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कठीण खडकात, पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांतच साठते, म्हणून शेजारच्या सोसायटीची बोअर भरलेली आणि आपली कोरडी असे सहज घडते. पावसाचे पाणी जिरवणाऱ्या मिळकतींना महापालिका करात सवलत देते. ती खड्डा केल्यावर मिळते. खड्डा गाळाने बुजला की छतावरचे पाणी पुन्हा पन्हाळीतून रस्त्यावर येते आणि रस्त्यावरून ओढ्यात जाते.