बांधकाम साहित्याची मागणी (शहरीकरणातली)

शहर झपाट्याने वाढतं तेव्हा सिमेंट, सळई, खडी, वाळू, विटा यांचा खप कशामुळे वाढतो त्याची ही नोंद, मुख्यतः मुंबई-पुणे पट्ट्यापुरती. लोकं वाढली की बांधकाम वाढतं हे बरोबर आहे पण अर्धवट आहे. महाराष्ट्रात शहरी लोकसंख्या २००१ ला ४२.४ टक्के होती, २०११ ला ४५.२, एवढ्यावरून साहित्याचा हिशोब लागत नाही. कुटुंबं विभक्त होतात, घरकर्ज सहज मिळायला लागतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे एफएसआयचे (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचे) नियम बदलतात. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने टीडीआर (एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची सोय) आणला, पुढे एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन आलं, मग रिडेव्हलपमेंट. चार मजली सोसायटी पाडून वीस मजली टॉवर उभा राहतो तेव्हा जुनेच रहिवासी परत येतात, वर थोडे नवे येतात, पण काँक्रीट कितीतरी पट लागतं कारण खाली पोडियम पार्किंगचे मजले असतात आणि तिथे माणूस राहतच नाही. त्यात आता मायवान शटरिंग (अॅल्युमिनियमचे साचे), म्हणजे विटांच्या भिंतीऐवजी भिंतसुद्धा काँक्रीटचीच. माझ्या मते पार्किंग आणि मायवान या दोन गोष्टींना अभ्यासक द्यायला हवं तेवढं महत्त्व देत नाहीत.

सिमेंटचे जुने आकडे जपून वापरावेत. १९८२ ला अंशतः आणि १९८९ ला पूर्ण नियंत्रण उठेपर्यंत सिमेंट परमिटवर मिळायचं, त्यामुळे त्या काळातला खप म्हणजे जेवढं मिळालं तेवढं, मागणी त्याहून जास्तच होती.

वाळूचं प्रकरण वेगळं आहे. पूर्वी मुंबईला खाडीची रेती यायची, होडीतून डुबी मारून बादलीने काढलेली, मुंब्र्याचं रेतीबंदर हे नाव त्यातलंच. मग सक्शन पंप आले आणि उपसा हाताबाहेर गेला. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाळू उपशावर बंदी घातली, फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं ठरवलं, आणि क्रश सँडला, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूला, खरा जोर आला तो या टंचाईत. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कृत्रिम वाळूला नीट जागा मिळाली. नदीच्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची भुकटी ३ टक्क्यांपर्यंत चालते, क्रश सँडमध्ये १५ पर्यंत, कारण ती माती नसून दगडाचीच पूड असते. साइटवर मात्र मानक कोण बघतं, जुना मिस्त्री मूठभर वाळू तळहातावर चोळतो, हात मळला तर गाडी परत. किंवा काचेच्या ग्लासात पाणी घालून हलवून ठेवतात, वर गाळाचा थर किती बसतो ते बघायला.

वाळू-खडी मोजायचं माप ब्रास, म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. प्लास्टर-फरशीच्या कामात १०० चौरस फुटालाही ब्रासच म्हणतात. शब्दाचा पितळाशी संबंध दिसत नाही, पोर्तुगीज 'ब्रासा' म्हणजे वाव (पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी), त्यावरून आला असावा हे मत जास्त पटण्यासारखं आहे, पण वाव हे लांबीचं माप, ते क्षेत्रफळाला आणि मग घनफळाला कसं चिकटलं हा मधला दुवा सापडत नाही. व्यवहारात महत्त्वाचं हे की ओलसर वाळू फुगते, चौथाईच्या आसपाससुद्धा, म्हणजे ट्रॉलीला टेप लावून पाच ब्रास भरले तरी कोरडी वाळू चारच ब्रास निघू शकते. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता वजनावर माल घेतात, आणि ते योग्यच आहे.

पावसाळ्यात वाळूचा उपसा बंद असतो म्हणून मे महिन्यात साठे करून ठेवतात, भाव तेव्हाच चढतो.

सळई आणि सिमेंट लांबून येऊ शकतं, किमतीच्या मानाने वजन परवडतं. खडीचं तसं नाही, भाडंच मालाइतकं होतं, त्यामुळे शहराला खडी शहराजवळचाच डोंगर देतो. दख्खनचा काळा दगड असल्याने तो सगळीकडे आहे. नवी मुंबईची खडी पारसिकच्या डोंगरातून यायची, पुण्याची वाघोली, मोशीकडून. वाघोलीला खाणी होत्या तेव्हा ते गावाबाहेर होतं, आता त्या खाणींच्या आसपास सोसायट्या आहेत, आणि खडीच्या गाड्या आणखी लांबून येतात.